देव तुमचा कोण लागतो?

खडूफळा
मंडळी, एक अडचण घेऊन आले आहे. मी चर्चमध्ये दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला शिकवते. मुलं पंधरा-सोळाची. मागच्या वेळी विषय होता 'देवाशी वैयक्तिक नातं'. प्रवचन झोडण्यापेक्षा चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच वाक्य पुरं करायला सांगितलं: 'देव आणि मी म्हणजे जणू...' नाव घालायचं नाही, खाडाखोड चालेल.

चौदा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या आठ मोबाइलच्या. चार्जर, वायफाय, रिचार्ज, 'रेंज गेली तरी टॉवर असतोच'. तिघांनी मेंढपाळ लिहिलाय, तो निव्वळ मला खूश करायला. दोन चिठ्ठ्यांवर बाप. एक चिठ्ठी नुसतीच वात्रट होती, ती बाजूला ठेवली.

चार्जरचं मला खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येईना. वर्गात 'छान, छान' म्हणाले आणि घरी येऊन चिडचिड करत बसले. शास्त्रातल्या उपमा तरी काय, त्या काळच्या रोजच्याच होत्या. मेंढपाळ, कुंभार, द्राक्षवेल, हरवलेलं नाणं शोधायला घर झाडणारी बाई. मग चार्जरला नाक मुरडायचा मला काय अधिकार?

तुम्ही स्वतः मनात कुठली उपमा धरता? प्रवचनातली नको, खरी सांगा.

अर्धीझोप
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सवडीने लिहीन.

बिनतारी
चार्जरमध्ये वाईट काय आहे, कळलं नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय काढा. वेलाला लागून नसलात तर तुमच्याच्याने काही होणार नाही, असं स्वतः प्रभू म्हणतो. द्राक्षवेल म्हणजे त्या काळचा चार्जरच. पोरं बरोबर आहेत, बाई उगाच मनाला लावून घेतायत.

दुर्बीण
बिनतारी, नाही पटलं. फोन शंभर टक्के झाला की आपण पिन काढतो आणि फोन घेऊन चालू लागतो. चार्जरचा उपयोगच तो, की त्याच्यापासून लांब जाता यावं. फाटा 'भरला' म्हणून वेलावरून कोणी उतरवून ठेवत नाही. त्याच अध्यायात पहिल्या दहा वचनांत 'राहा, राहा' हा एकच धोशा आहे. चार्जरला कोणी 'राहा' म्हणत नाही. उलट वायर आखूड पडते म्हणून कुरकुर करतात.

खडूफळा
दुर्बीण, हेच! पिन काढणं. आठवडाभर हेच शोधत होते. रविवारी लावायची, सोमवारी काढायची.

नसतीउठाठेव
माझं नातं कस्टमर केअरचं आहे. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.' आणि मागे स्तोत्रं वाजत असतात.

बिनतारी
:)) उठाठेव, नऊ दाबून बघा, मराठीत बोलतात.

टाचणी
पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल माफ करा. मी शिवणकाम करते, उपमाही तीच सुचते.

माप घेताना गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं राहतं. पोट आत, मान वर. आम्ही काही बोलत नाही. टेप गळ्यात असते, हात चालू असतात, तेवढ्यात त्याचा श्वास सुटतो आणि खरं माप मिळतं. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. त्यांना स्वतःला माहीत नसतं. मी सांगत नाही. वहीत लिहिते आणि त्या बाजूला आत एक पातळ पॅड घालते. कपडा अंगावर चढला की दोन्ही खांदे सरळ दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'बघा, मला काहीही शोभतं.'

स्तोत्र १३९ वाचताना मला नेहमी ती वही आठवते. माझा कुठला खांदा पडलेला आहे ते त्याने कधीच लिहून घेतलंय आणि चारचौघांत त्याचा उच्चार केलेला नाही. मात्र ट्रायलला बोलावतो तो. कच्च्या धावदोऱ्याचा कपडा घालून उभं राहायचं, टाचण्या टोचतात, आणि 'हलू नका' म्हणतो. तेव्हा राग येतो. झालं एवढंच.

नसतीउठाठेव
टाचणीताई, माझी कस्टमर केअरची उपमा मी मागे घेतो.

दुसरागिअर
सुंदर प्रतिसाद. फक्त एक शंका: तुम्ही पॅड घालून खांदा झाकता. देव झाकतो की सरळ करतो?

टाचणी
दादा, सरळ करणं हाडाच्या डॉक्टरचं काम. मी माझ्या कामापुरतं बोलले. प्रत्येक उपमेला कुठेतरी शिवण असते, ती ओढू नये.

मुळाक्षर
'प्रत्येक उपमेला कुठेतरी शिवण असते' हे वाक्य मी चोरणार आहे.

बापाच्या दोन चिठ्ठ्या आल्या म्हणालात, म्हणून थोडं भाषेबद्दल. येशू देवाला ज्या अरामी शब्दाने हाक मारतो तो 'अब्बा' म्हणजे लहान मुलाने म्हटलेलं 'डॅडी' असं सर्रास सांगितलं जातं. जेम्स बार या अभ्यासकाने १९८८ साली या समजुतीचा लेख लिहून समाचार घेतला. त्याचं म्हणणं असं, की मोठी माणसंसुद्धा आपल्या वडिलांना अब्बाच म्हणत. तो बोबडा शब्द नव्हे. गंमत म्हणजे इंग्रजीत ही अडचण होते, मराठीत होत नाही. आपण पाच वर्षांचे असताना 'बाबा' म्हणतो आणि पन्नासाव्या वर्षी आजारी वडिलांच्या उशाशी बसूनही 'बाबा'च म्हणतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू 'अब्बा' म्हणतो (मार्क १४:३६) तेव्हा तो लहान मूल नाही, मरण समोर दिसणारा तिशीचा माणूस आहे. 'बाबा' तिथे चपखल बसतं.

दुसरं म्हणजे तू आणि तुम्ही. आपल्यातले कितीतरी जण वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही' म्हणत वाढले. पण प्रार्थनेत 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. म्हणजे जन्मदात्याला तुम्ही आणि स्वर्गातल्या पित्याला तू. मराठीत तू कोणाला म्हणतो? आईला, मित्राला, लहानाला आणि देवाला. तेव्हा तोंडाने 'पिता' म्हणत असलो तरी क्रियापद आईचं वापरतो, हे कधी लक्षात आलंय का?

दुर्बीण
बाप रे. नाही आलं कधी.

त्रयस्थ
मी ख्रिस्ती नाही, खरं तर कशावरच विश्वास नाही, पण धागा वाचतोय. मुळाक्षर यांचा मुद्दा मराठी माणसाला नवा वाटू नये. आपल्या भाषेत देवाला माउली म्हणायची सवय फार जुनी. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. तिलकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं ते काही परक्या घरातून आणून नव्हे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत.

उंबरठा
बरेच दिवस नुसती वाचते. आज लिहिते.

'पिता' म्हटलं की मला जिन्यावरची पावलं ऐकू येतात. आमच्याकडे पावलांवरून कळायचं आज कसं आहे ते. जड आणि सावकाश असली की मी पुस्तकं दप्तरात भरून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसायची. आज माझी मुलं कॉलेजात आहेत, वडील जाऊन बारा वर्षं झाली. तरी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी पहिली ओळ म्हणत नाही. 'तुझे नाव पवित्र'पासून सुरू करते. सगळ्यांच्या आवाजात कोणाला कळत नाही.

उपमा द्यायच्या तर द्या, पण वर्गातल्या चौदा मुलांत एखादं माझ्यासारखं असेल, एवढं ध्यानात असू द्या बाई.

बिनतारी
उंबरठाताई, वाईट वाटलं. पण देव तसा पिता नाही ना. उलट खरा पिता कसा असतो हे त्याच्याकडे पाहून कळतं. आपल्या वडिलांवरून देवाला मोजायचं नाही, देवावरून वडिलांना मोजायचं.

उंबरठा
बिनतारी, डोक्याला माहीत आहे ते. पोटाला माहीत नाही.

बिनतारी
खरंय. घाईत लिहिलं. माफ करा.

मुळाक्षर
उंबरठा, शास्त्रात तुमच्यासाठी दुसरी दारंही आहेत. यशया ६६:१३ मध्ये आई जशी समजूत घालते तसं मी तुमचं सांत्वन करीन, असं देव म्हणतो. मत्तय २३:३७ मध्ये येशू स्वतःला पंखाखाली पिल्लं घेऊ पाहणारी कोंबडी म्हणतो. चौदाव्या शतकात नॉर्विचच्या ज्युलियन या इंग्रज साधिकेने येशूला सरळ 'आई' म्हटलं. स्तोत्र १३१ तर मला फार आवडतं. तिथे बालक आईच्या कुशीत आहे, पण दूध तुटलेलं. म्हणजे आता काही मागायला नाही, नुसतंच बसलंय.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. उंबरठाताईंचं वाचल्यावर राहवलं नाही.

आमच्या बुटांचे तळ मऊ असतात. मुद्दाम. रात्री दोन-अडीचला राउंड घेताना पेशंट जागा होता कामा नये. टॉर्चचा झोत त्याच्या चेहऱ्यावर पडू द्यायचा नाही, आधी जमिनीवर, मग भिंतीवर, आणि त्या उजेडात मॉनिटर आणि सलाइन बघायचं. थेंब मोजायचे. चादर सरकली असली तर वर ओढायची. बाटली संपत आली असली तर बदलायची. पेशंटला सकाळी एवढंच कळतं की काल अर्धी होती ती बाटली आज भरलेली आहे. कितीजण सांगतात, 'सिस्टर, रात्रभर कोणी फिरकलं नाही हो.' मी तक्त्यावर माझ्या आठ सह्या बघते आणि 'हो का' म्हणते.

'तुझा रक्षक डुलकी घेत नाही', स्तोत्र १२१. माझा देव मऊ तळांच्या बुटांचा आहे.

उंबरठा
पावलं न वाजवता येणारा.

आज एवढंच पुरे मला.

नसतीउठाठेव
(इथे काही विनोद करणार नाही. नुसती पोच.)

दुसरागिअर
माझं थोडं वेगळं आहे. मला समोरासमोर बसून बोलता येत नाही. कोणाशीच. बायकोशी महत्त्वाचं बोलायचं असलं की मी गाडी काढतो. दोघांची तोंडं रस्त्याकडे, हात स्टिअरिंगवर, आणि मग एकदम एखादं वाक्य बाहेर पडतं जे घरात टेबलाशी बसून पाच वर्षांत निघालं नसतं. मुलगाही तसाच. परीक्षेत नापास झाल्याचं त्याने मला सिग्नलला सांगितलं, लाल दिवा असताना. हिरवा झाल्यावर मला पुढे जावंच लागलं. त्याने वेळ बरोबर साधली होती.

गुडघे टेकून, डोळे मिटून केलेली प्रार्थना मला मुलाखतीसारखी वाटते. चालताना होते ती खरी. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे (लूक २४) आठवा. मेलेल्यांतून उठलेला येशू त्यांच्या बाजूने चालतोय, ते भडाभडा सगळं बोलून टाकतात, आणि तो कोण हे त्यांना माहीतही नाही. बाजूबाजूने चालणं ही माझी उपमा.

दुर्बीण
जू पण तसंच ना. येशू म्हणतो, 'माझे जू आपणांवर घ्या.' जुवात दोन बैल बाजूबाजूला असतात, समोरासमोर नाही. मी लहानपणी समजायचो की देव आपल्या मानेवर जू ठेवून स्वतः मागे आसूड घेऊन उभा आहे. पलीकडच्या बाजूला मान कोणाची, हा प्रश्न फार उशिरा पडला.

दुसरागिअर
वा. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

हिशेबनीस
अवांतर वाटेल, पण कर्जाच्या उपमेबद्दल कोणीच बोललं नाही. मत्तय १८: राजा एका चाकराचं कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून सोबतीच्या चाकराचा गळा धरतो. मी एकदा कागद घेऊन बसलो होतो. पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि हा गृहस्थ राजाला म्हणतो, 'मला वागवून घ्या, सगळं फेडीन.' हप्ते बांधून मागतोय!

बहुतेक प्रवचनांत इथेच थांबतात आणि सोबतीच्या चाकराचं शंभर दिनार देणं 'क्षुल्लक' म्हणून उडवून लावतात. ते क्षुल्लक नाही. शंभर दिवसांची मजुरी, तीन-चार महिन्यांचा पगार. तुमचे तीन-चार महिन्यांचे पगार कोणी बुडवले तर तुम्ही सहज सोडाल का? मी नाही सोडले. भावाशी चार वर्षं बोललो नाही. म्हणून ही उपमा मला पटते, कारण ती माझं देणं खोटं ठरवत नाही आणि येणंही खोटं ठरवत नाही.

टाचणी
मग भावाशी बोललात का?

हिशेबनीस
बोललो. पैसे नाही आले. :)

मुळाक्षर
कर्जाच्या उपमेची शिवण मात्र सांभाळा. माफ झालेला कर्जदारही सावकार दिसला की रस्ता बदलतो. नातं 'सुटलो' इथेच थांबतं. म्हणूनच योहान १५:१५ मध्ये येशू म्हणत असावा, की आता तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलंय.

अर्धीझोप
रुमाल टाकला होता, आलो.

माझी उपमा ब्लू टिक. मेसेज गेला, पोहोचला, वाचला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. 'टाइप करत आहे...' असंही दिसत नाही. तीन वर्षं.

आधी असं नव्हतं. विद्यार्थी होतो तेव्हा प्रार्थनेला बसलो की उठवत नसे. आता सवयीने बसतो, घड्याळ बघतो, उठतो. पाळकांना सांगितलं तर म्हणाले, कुठलं पाप लपवून ठेवलंय ते तपासा. तपासलं. तसं भरपूर सापडलं, पण ते आधीही होतंच की.

चार्जर, शिंपी, नर्स, सगळं वाचलं. चांगलं आहे. पण मला 'नातं' हा शब्दच आता कोणीतरी दुसऱ्याने माझ्या नावावर घेतलेल्या सिमकार्डासारखा वाटतो.

बिनतारी
ब्लू टिक असेल तर निदान ब्लॉक तरी केलेलं नाही. (चेष्टा नाही करत, मला खरंच असं वाटतं.)

कोरडवाहू
अर्धीझोप, माझा आयडी बघा, तुमच्यासाठीच घेतलाय असं समजा.

आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) या स्पॅनिश संन्यासिनीने स्वतःच्या चरित्रात प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे. माणूस माळी, बाग देवाची, आणि पाणी घालायच्या चार तऱ्हा. पहिली, विहिरीतून पोहऱ्याने शेंदून. दुसरी, रहाटाने. तिसरी, ओढ्याचं पाणी पाटाने आणून. चौथी, पाऊस. पहिल्या तऱ्हेत कष्ट सगळे आपले आणि पाणी थोडं. चौथीत आपले हात रिकामे.

आता खरी गोष्ट. ती म्हणते, की कधीकधी पोहरा सोडावा आणि विहिरीलाच पाणी नसावं. मग काय करायचं? तरी माळ्याने आपलं काम करावं, कारण बाग त्याची नाही. धन्याला पाण्याशिवाय फुलं राखता येतात. तिने स्वतः पुष्कळ वर्षं अशी काढली, आणि तासाचा ठोका कधी पडतो याकडे आपले कान असायचे हेही लिहून ठेवलंय. तुम्ही घड्याळ बघता ना? चांगली संगत आहे तुम्हांला.

अर्धीझोप
तेरेसासुद्धा? मला वाटलं मदर तेरेसांचं तसं होतं, पत्रं छापली होती ती.

कोरडवाहू
त्या वेगळ्या तेरेसा. पण त्यांचंही तेच. त्यांची खासगी पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा कळलं, की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जाणवत नव्हता. वर्गात सांगण्याजोगी उपमा नव्हे ही, पण धाग्यात असू द्या.

आणखी एक. स्तोत्र ८८ वाचा. बाकी रडगाण्याच्या स्तोत्रांत शेवटी तरी 'तथापि मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येतं. ८८ मध्ये येत नाही, अंधारावरच संपतं. आणि तरीही ते पुस्तकात ठेवलंय. कोणी काढून टाकलं नाही.

त्रयस्थ
हे माहीत नव्हतं. शेवट गोड न करता ठेवलेली प्रार्थना. मला अविश्वासू माणसाला हे सगळ्यात पटलं, याचं काय करायचं ते बघा.

नसतीउठाठेव
लक्ष लागत नसण्यावरून आठवलं. मार्टिन ल्यूथरच्या न्हाव्याने त्याला विचारलं, प्रार्थना कशी करू? ल्यूथरने १५३५ साली त्या पीटर न्हाव्यासाठी छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यात उपमा त्याच्याच धंद्यातली दिलीय. चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. गप्पा छाटत इकडेतिकडे बघत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, नाहीतर गळा.

पुढची गोष्ट वर्गात सांगू नका. त्याच वर्षी या पीटरच्या हातून स्वतःच्या जावयाचा खून झाला.

टाचणी
अगंबाई.

हिशेबनीस
उपमेला शिवण असते म्हणतात ती ही.

दुर्बीण
आता जरा उलट बाजूने. या धाग्यात सगळं 'माझा देव, माझी उपमा' चाललंय. 'देवाशी वैयक्तिक नातं' हा शब्दप्रयोगच मुळात बायबलमध्ये नाही. वधूची उपमा घ्या (इफिस ५): तिथे वधू म्हणजे मंडळी, अख्खं चर्च, एकटादुकटा माणूस नव्हे. 'पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे', हे वाक्य आपण एकेकाच्या हृदयाच्या दाराला लावतो. प्रकटीकरण ३ उघडून बघा, ते पत्र लावदिकीयाच्या अख्ख्या मंडळीला लिहिलंय. सगळे आत उपासना करतायत आणि तो बाहेर उभा आहे! प्रभूची प्रार्थनासुद्धा 'आमच्या' पित्याला आहे, 'माझ्या' नाही.

दुसरागिअर
बरं झालं वधू मंडळी आहे ते. मला नवरी म्हणवून घ्यायला फार अवघड जायचं.

मुळाक्षर
त्या दारावरून इंग्रज चित्रकार होल्मन हंटचं चित्र आठवलं, १८५०च्या सुमाराचं. येशू हातात कंदील घेऊन रात्री दार ठोठावतोय. दाराला बाहेरून कडी नाही, मूठ नाही. खाली तण माजलंय, म्हणजे दार कित्येक दिवसांत उघडलेलं नाही.

दुर्बीण, तुमचं शब्दप्रयोगाबद्दल बरोबर, पण अर्धंच. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' यात 'माझा' आहेच. आणि बाळ शमुवेलाला हाक त्याच्या नावाने आली, 'मंडळीहो' अशी नाही. तीनदा तो म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला, 'तुम्ही मला हाक मारलीत?' देवाचा आवाज त्याला घरातल्या म्हाताऱ्याच्या आवाजासारखा वाटला.

उंबरठा
ते मला नेहमी बरं वाटतं. दचकायला न लावणारा आवाज.

आणि 'आमच्या'बद्दल. मी पहिली ओळ गाळते तेव्हा बाकीचे ती म्हणत असतात. दुर्बीण यांचं वाचून कळलं, की तेवढ्यापुरती ती माझ्या वतीनेही म्हटली जात असेल.

खडूफळा
मंडळी, दोन दिवस आले नव्हते. सगळं वाचलं, काही दोनदा. उंबरठाताई, तुमचं वाचून काल वर्गात 'पिता' म्हणताना जीभ अडखळली. बरं झालं अडखळली.

वर्गात काय झालं ते सांगते. चार्जरच्या आठ चिठ्ठ्या फळ्यावर लावल्या आणि फक्त विचारलं, 'चार्ज झाल्यावर काय करता?' पहिल्या बाकावरून उत्तर, 'काढतो.' मग सगळे गप्प. एक मुलगा म्हणाला, 'टीचर, मग आम्ही फोन नाही, पंखा आहोत. पंख्याला बॅटरी नसते.' मला हे सुचलं नसतं. बिनतारी, तुमची पोरं जिंकली.

बिनतारी
बघा! पंख्याची पिन काढली की थोडा वेळ फिरत राहतो, आणि लोकांना वाटतं चालूच आहे. माझी बरीच वर्षं अशी गेली.

अर्धीझोप
हे लागलं.

हिशेबनीस
बाई, ती वात्रट चिठ्ठी राहिली. काय होतं त्यात?

खडूफळा
अहो, ती काही नाही. लिहिलं होतं: 'देव आणि मी म्हणजे जणू प्रॉक्सी. मी वर्गात नसतो तेव्हा कोणीतरी माझ्या आवाजात हजर म्हणतो.' मी आधी दुर्लक्ष केलं, कारण कोण लिहितो ते मला अक्षरावरून माहीत आहे आणि तो खरंच प्रॉक्सी लावतो.

मुळाक्षर
बाई, ती चिठ्ठी फेकली नाही ना?

रोमकरांस ८:२६ काढा. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने. आपण बोलू शकत नाही तेव्हा आपल्या आतून दुसराच कोणी आपल्या वतीने बोलतो. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला ही उपमा सापडली असती तर त्याने वापरली असती की नाही सांगवत नाही, पण पोराने नेम बरोबर धरलाय.

खडूफळा
फेकली नाही. पर्समध्येच आहे, आत्ता काढून बघितली. मागच्या बाजूला पेन्सिलीने आणखी एक ओळ आहे, ती मी पाहिलीच नव्हती: 'टीचरना कळतं, पण त्या हजेरी लावतात.'

टाचणी
कळतं का हो?

खडूफळा
कळतं. लावते.

अर्धीझोप
आज रात्री बसतो म्हणतो, पोहरा घेऊन. झोप लागलीच तर कोणीतरी प्रॉक्सी लावा.

उंबरठा
लावते. हजर.

नसतीउठाठेव
हजर. (हा मी नाही, दुसरागिअर यांच्या वतीने. ते सिग्नलला आहेत.)